रोह्याहून आणलेली गिटार

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं ठरलं की मला पुढे करायचे. मिक्सर घेताना मी त्याचं झाकण पुन्हा पुन्हा लावून काढून बघितलं होतं, शिलाई मशीन घेताना दुकानदाराला ती उलटी करायला लावली होती. दुकानदार वैतागायचे, आईला लाज वाटायची, पण आणलेली वस्तू टिकायची. आजही बाजाराची यादी घरी विसरले तर मी अर्ध्या वाटेवरून परत येते. ही गोष्ट घडली तेव्हा मी बारावीला होते आणि माझा हा स्वभाव घरच्यांनी सोयीचा म्हणून मान्य करून टाकला होता. म्हणूनच दादाने गिटारचा विषय काढला तेव्हा बाबांनी ताटातून मान वर न करता अट घातली, "नंदा बघील. ती म्हणाली चांगली हाय, तर घे. नाय म्हणाली तर विषय संपला." आईने त्यांच्या पानात वालाचं बिरडं वाढलं आणि माझ्याकडे बघितलं. दादानेही बघितलं. बोलणं गिटारचं नव्हतं हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

बोलणं डोळ्यांचं होतं. पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात फळ्यांच्या मांडण्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या, कच्च्या मूर्तींच्या रांगा. दिवसभर पॉलिशपेपर घासल्याचा आवाज यायचा, इतका सतत की तो थांबला तरच लक्षात यायचा. पांढरी पूड पोह्याच्या पापडांपर्यंत जायची, म्हणून आई पापड वाळत घालायला शेजारच्यांची गच्ची वापरायची. कामं वाटलेली होती. साच्यातून काढणं आणि घासणं गड्यांकडे, अंगाचा रंग काकांकडे, दागिन्यांचं सोनेरी काम आईकडे आणि माझ्याकडे. डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताने व्हायची. पूर्वी तो हात बाबांचा होता. मग त्यांच्या बोटांना कंप सुटला आणि त्यांनी ब्रश दादाला, मिलिंदला, दिला. मुंबईचे, पुण्याचे व्यापारी आमच्याकडे यायचे ते त्या डोळ्यांसाठी. आळीतली कितीतरी मुलं डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागली होती, शिफ्ट करून यायची, पण बाबांना कधी काळजी वाटली नाही. ज्याच्या हातात डोळे आहेत तो कुठे जाणार, असं ते धरून चालले होते.

दादा मात्र हळूहळू जायला लागला होता. धरमतरच्या बाजूच्या एका गावात हळदीला वाजवणारी बेंजो पार्टी होती. तिच्या मास्तरांकडे एक जुनी गिटार होती, तिच्यावर दादा शिकला. मास्तरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की लग्नसराई सुरू व्हायच्या आत स्वतःची गिटार घेऊन ये, मग तू पार्टीत. नाहीतर वडखळचा एक मुलगा तयार आहे. हळदी रात्रभर चालतात. रात्रभर वाजवणारा माणूस सकाळी डोळ्यांना बसू शकत नाही, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बाबांनी एकदाच, मूर्ती फिरवताना, दादाचा डावा हात धरला आणि बोटांची टोकं अंगठ्याने दाबून बघितली. तारांनी ती टणक झाली होती. "ओला रंग कळतो का या बोटांना?" एवढंच विचारलं. दादा म्हणाला, "कळतो." बाबांनी हात सोडला.

रोह्याला नझीम नावाचा दादाच्या ओळखीचा एकजण होता. तो मस्कतला नोकरीला होता, सुट्टीवर आला होता आणि परत जाण्याआधी त्याला आपली इलेक्ट्रिक गिटार आणि तिच्यासोबतचा आवाज मोठा करणारा विजेचा डबा विकायचा होता. नवी गिटार आम्हाला परवडणारी नव्हती. ही स्वस्त होती, आणि मला तिथेच संशय होता. मी मास्तरांना जाऊन भेटले आणि काय काय बघायचं ते विचारून घेतलं. दांडी सरळ आहे का. तारा दांडीपासून फार वर तर नाहीत ना. चाव्या पिळून सोडल्या की घसरतात का. बटणं फिरवताना डब्यातून खरखर येते का. "आणि गंज बघ," मास्तर म्हणाले. "आमच्या खाडीच्या वाऱ्यात लोखंड राहत नाय. रोह्याला जरा बरं असंल." मी सगळं कागदावर उतरवलं. आता मोबाइल उघडला की गिटार कशी पारखावी हे सांगणारे शंभर लोक हात हलवत येतात. तेव्हा माझ्याकडे तो कागद आणि एक स्क्रूड्रायव्हर होता.

ज्या सकाळी निघायचं त्या सकाळी बाबा धुतलेला शर्ट घालून ओटीवर बसलेले दिसले. "मी पन येतो. रोह्यात जरा काम हाय," म्हणाले. रोह्यात त्यांचं कुठलंही काम नव्हतं. एसटीत ते खिडकीशी बसले, दादा पुढच्या बाकावर आणि मी बाबांशेजारी. नागोठण्याला दादाने मागे वळून विचारलं, "नंदे, कागद घेतलास ना?" मी पर्स थोपटली. बाबा बाहेर बघत म्हणाले, "कागदाने काय होतंय, हाताला कळायला पायजे." हे मला उद्देशून होतं की दादाला, ते समजलं नाही.

नझीमचं घर नदीकडच्या मोहल्ल्यात, पुढे दोन सुपारीची झाडं असलेलं. त्याची आई दारातच भेटली. "ये गो, आत ये, उन्हात कशाला उभी," म्हणत तिने मला आधी आत घेतलं आणि मग बाप्यांकडे बघितलं. नझीम दादाच्याच वयाचा, हसरा, अंगाला अत्तराचा वास. खोलीत एक बांधलेली मोठी बॅग उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघणार होता. त्याने पलंगाखालून गिटार काढली. लाल रंगाची, कडेला काळी होत गेलेली. दादाने ती घेतली नाही, नुसती बघत राहिला. मी म्हटलं, "डबा लावा. आधी आवाज ऐकू." नझीमने वरच्या बंद पंख्याकडे बोट दाखवलं. "लाइट नाय ना. सकाळपास्ना गेलीय. येईल दुपारपत्तर."

माझ्या कागदावर लाइट नसेल तर काय करायचं ते नव्हतं. इलेक्ट्रिक गिटार, आणि वीज नाही. मी बाकीचं बघायला घेतलं. गिटार आडवी धरून एक डोळा मिटला आणि दांडीवरून नजर टाकली. दागिन्यांची सोनेरी रेघ सरळ आली का हे आम्ही तसंच बघतो. दांडी सरळ होती. तारा गंजल्या होत्या, पण तारा बदलता येतात. चाव्या पिळल्या, दादाला सूर धरायला लावलं, थोड्या वेळाने पुन्हा धरायला लावलं. घसरत नव्हत्या. मागचं झाकण उघडलं. आत वायरी नीट जोडलेल्या होत्या आणि कापलेल्या कडेला प्लायवुडचे थर दिसत होते. मी ते मोठ्याने सांगितलं. नझीम हसून म्हणाला, "ताई, स्वस्तात काय शिसव देणार? माझ्या रूममधला फिलिपिनो गावी गेला, त्याच्याकडून घेतली मी." त्याची आई सांदणं आणि चहा घेऊन आली. "खा आधी. लाकूड कुठे पळून जात नाय." सांदणं मऊ, फणसाच्या रसाची, पिवळी होती. मला खायचं सुचत नव्हतं.

तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. "बघू." त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि मधल्या बोटाचं पेर वाकवून तिच्यावर ठोकलं. आमच्याकडे मूर्ती वाळली की नाही ते असंच बघतात. मूर्ती आतून पोकळ असते. वाळलेली असली तर टणटणीत वाजते, आत ओल असली तर बद्द आवाज येतो आणि बद्द वाजलेल्या मूर्तीला रंग लावला तर तो पुढे फुगून सुटतो. बाबांनी खाली ठोकलं, वर ठोकलं, कडेला ठोकलं. सगळीकडे बद्द. त्यांनी पलंगाच्या फळीवर ठोकलं, ती वाजली. दारावर ठोकलं, तेही वाजलं. मग गिटार खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "ओली हाय."

"बाबा, भरीव आहे ती," दादा म्हणाला. "आत पोकळी नसतेच हिला. म्हणून तर डबा लागतो."

"दार भरीव नाय का?"

दादाने दाराकडे बघितलं. खरं सांगायचं तर मलाही बाबांचंच पटत होतं. मी त्याच घरात वाढले होते. तो बद्द आवाज ऐकताच माझ्याही मनाने ही वस्तू बाजूला काढून ठेवली होती, आणि मास्तरांचा कागद तिला परत आणू शकत नव्हता. नझीमला काही कळेना. तो कधी बाबांकडे, कधी माझ्याकडे बघत होता. "काका, मस्कतला पाऊसच नाय तर ओली कशी होणार?" त्याची आई आतून हसली. बाबा हसले नाहीत. त्यांचा अंगठा आता दांडीच्या मागून वर सरकत होता, जसा तो मूर्तीच्या मानेवरून सरकतो, आणि चाव्यांच्या खाली एका जागी थांबला. ते तिथेच मागेपुढे चोळत राहिले. "इथे जोड हाय," म्हणाले.

मी तिथे बोट लावलं. रंगाखाली केसाएवढी उंचवट्याची रेघ होती. ती मला दिसायला हवी होती. नझीमचा चेहरा उतरला. मागच्या सुट्टीला येताना विमानात सामान आपटलं, डोकं मोडलं, आल्याआल्या इथल्या सुताराकडून चिकटवून घेतलं, वरून रंग मारला, त्याने भराभर सांगितलं. "पण काका, त्याला दोन वरसं झाली. तवापास्ना तारा चढवलेल्या हायत. हललं नाय कधी."

बाबांनी विचारलं, "मोडली कधी? रंगाआधी का रंगानंतर?"

"काय?"

"रंग झालेला व्हता का मोडली तेव्हा?"

"व्हय, रंग तर कंपनीतनंच असतो."

बाबा मागे टेकून बसले. आमच्या कारखान्यात कच्ची मूर्ती कुठे मोडली तर जोडून घेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. रंग होऊन डोळे उघडल्यावर मोडली तर ती मूर्ती कुणालाही द्यायची नाही, फुकटसुद्धा नाही. ती झाकून ठेवायची आणि पाण्यात सोडायची. बाबांनी हा नियम कधी मोडलेला नव्हता. आता त्यांना खोटं काहीच बोलावं लागणार नव्हतं. त्यांना नको होती ती वस्तू त्यांच्याच नियमाने बाद झाली होती. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला त्याची पाठ दिसत होती आणि शर्टाची मागची शिवण दिसत होती. मग दारात मोटरसायकल थांबली. माणगावहून दोन मुलं आली होती, तीही गिटारच बघायला. नझीम अवघडून म्हणाला, "हे आधी आलेत. यांचं होऊ दे." ती मुलं ओट्यावर बसली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"नंदा, बोल," बाबा म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा मला काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं. 'नाही' म्हणणं सोपं होतं. घरात सगळं आहे तसं राहिलं असतं आणि दोष सुताराच्या डिंकावर गेला असता. पण मी आयुष्यात कुठलीही वस्तू पुरी बघितल्याशिवाय नाकारलेली नव्हती, आणि ही अजून बघून झालेली नव्हती. मी म्हटलं, "बाबा, मोठ्या मूर्तीच्या मानेचा सांधा आपण कसा बघतो?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. पुरुषभर उंचीच्या मूर्तीची मान वेगळी करून बसवतात. तो सांधा धरला की नाही हे नुसतं ठोकून कळत नाही. एकजण खाली ठोकतो आणि दुसरा मानेला कान लावतो. सांधा सुटा असेल तर आवाज तिथे अडतो. हे बाबांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी टोपी काढून पलंगावर ठेवली, म्हणाले, "ये रे. धर." दादा आला. त्याने गिटार घेतली आणि बाबांनी खाली वाकून तिच्या डोक्याला, जोडाच्या वरच्या बाजूला, कान टेकवला. "हां. वाजव."

दादाने एक तार छेडली. आम्हाला काही ऐकू आलं नाही म्हटलं तरी चालेल. रबर ताणून सोडावं तेवढा आवाज झाला. बाबांच्या कपाळाला मात्र आठी पडली. "परत." दादाने दुसरी छेडली, मग तिसरी. मग त्याची बोटं आपोआप चालू लागली आणि तो हळदीत वाजवतात तशी एक चाल वाजवायला लागला, आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगात. बाबांनी डोळे मिटले होते. लाकडाला कान लावला की आतला आवाज केवढा मोठा येतो हे मला नंतर कळलं, मी स्वतः लावून बघितल्यावर. त्या वेळी त्या खोलीत तो आवाज फक्त त्यांना ऐकू येत होता. दादाचं वाजवणं त्यांनी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. मास्तरांकडे जायचा विषयच घरात नव्हता. आम्ही बाकीचे त्यांचं तोंड बघत होतो. नझीमची आई हातात कपबश्या घेऊन उभी राहिली होती. ओट्यावरची मुलंही माना लांब करून बघू लागली. दादा थांबायला बघत होता, पण बाबांनी डोळे न उघडता हाताने खूण केली, चालू दे. त्याने चाल पुरी केली. बाबा तरी वाकलेलेच राहिले, शेवटची तार विझेपर्यंत.

सरळ झाले तेव्हा त्यांच्या कानावर चाव्यांचा वळ उठला होता. "सांधा धरलाय," म्हणाले. त्यांनी दादाकडे बघितलं नाही. टोपी घातली. "ओली पन नाय. आतून वाजते."

मग मी माझं सांगितलं, जसं नेहमी सांगायचे तसं, चांगलं आधी आणि वाईट मागून. दांडी सरळ, चाव्या ठीक, जोड पक्का. लाकूड हलकं, तारा बदलाव्या लागतील. डब्यातून आवाज कसा येईल ते मला माहीत नाही आणि लाइट आल्याशिवाय माहीत होणार नाही. "तेवढी जोखीम आहे," मी म्हटलं, "पण मी असते तर घेतली असती." दादाने मान खाली घातली. बाबांनी नझीमला विचारलं, "बांधायला चादर हाय का जुनी?"

परतीच्या एसटीत गिटार बाबांच्या मांडीवर होती. मूर्ती नेतात तशी, तोंड आपल्याकडे करून, दोन्ही हातांनी धरलेली. डबा दादाच्या पायाशी होता. पेणला लाइट होती. वायरी जोडून बटण दाबलं तेव्हा आधी नुसती खरखर आली आणि आई दचकून मागे सरली, पण खरखरीतून आवाजही आला, आणि खरखर पुढे मास्तरांनी एका दुपारी घालवली. दादा त्या लग्नसराईत पार्टीबरोबर गेला. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी त्याचे ब्रश धुतले, रांगेने ठेवले आणि माझ्यासमोरचा सोनेरी रंगाचा डबा उचलून बाजूला केला. माझी तयारी आहे का ते विचारलं नाही. मीही विचारलं नाही की मीच का. उजवा डोळा मला पहिल्या दिवसापासून बरा जमला. त्याला डावा जुळवणं मला पावसाळा लागेपर्यंत जमलं नाही, आणि जमलं तेव्हाही दादासारखं नाही. मी कित्येक डोळे पुसले आणि पुन्हा आखले. दादा सकाळी हळदीहून यायचा, तारवटलेल्या नजरेने माझ्या मागे उभा राहायचा, काही सांगावं असं त्याला वाटायचं आणि बाबा त्याला झोपायला पाठवायचे.

त्या वर्षी माल न्यायला दादरचे एक जुने व्यापारी आले. कितीतरी वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी एक मूर्ती उजेडात धरली, दुसरी धरली, आणि चष्मा वर सरकवला. "अहो, यंदा नजर बदललीय," म्हणाले. "मिलिंद आजारी आहे का?" शेडमधलं घासणं थांबलं. काका रंगाची वाटी धरून वळले. मी खाली बघून हातातलं काम चालू ठेवलं, पण ब्रश पुढे सरकत नव्हता. दादाचं काय ते बाबांनी तोपर्यंत बाहेरच्या कुणालाही सांगितलं नव्हतं. विचारलं तर कामाला गेलाय म्हणायचे.

"आजारी कशाला असंल," बाबा म्हणाले. "माझा पोरगा पार्टीत गिटार वाजवतो. डोळे आता पोरगी करते." त्यांनी व्यापाऱ्याच्या हातातली मूर्ती घेतली, गवत घातलेल्या टोपलीत बसवली आणि विचारलं, "अजून किती बांधू?"